साचाखात्याचा दरवाजा आणि आपली लेकरे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



समितीने आम्हाला विषय दिला आहे, ‘तरुणांना मार्गदर्शन’. आता आम्ही गिरणी कामगार. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे काही चार शब्द वाचले ते पाळी सुटल्यावर आणि कसारा लोकलच्या डब्यात, उभ्याने. त्यामुळे मोठे मार्गदर्शन आमच्याकडून होणार नाही. आम्ही एकच गोष्ट घेऊन उभे आहोत. गेल्या दोन-तीन वर्षांत शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतली पोरं-पोरी भेटतात आणि एकच विचारतात, “काका, सॉफ्टवेअरचा डिप्लोमा करू का? ॲप बनवायला शिकवतात म्हणे. त्याला पुढे काही आहे का?” त्याचे उत्तर आम्ही शोधले. चार ठिकाणी विचारले, वाचले. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी आमच्याच धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही.

मुंबईच्या गिरण्यांत दोन मोठी खाती असायची. एक सूत कातायचे आणि दुसरे कापड विणायचे, म्हणजे साचाखाते. साचाखात्यात पगार जास्त. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात त्या खात्याचा दरवाजा आपल्याला बंद होता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावा लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही कसा हातात धरायचा, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. संघटनेत सगळे कामगार एक, आणि धोट्यापाशी मात्र विटाळ! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कामगारांच्या मागण्यांत साचाखाते सर्वांना खुले करा ही मागणीही असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

बांधवांनो, यात एक बारीक गोष्ट आहे. बाबासाहेबांनी आमच्या माणसांना नुसते काम द्या असे म्हटले नाही. ज्या खात्यात कसब आहे आणि कसबाला दाम आहे त्या खात्यात जाऊ द्या, असे म्हटले. पुढे १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर त्यांनी सरकारला जे निवेदन दिले त्यातही हेच आहे. आमच्या मुलांना सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी द्या, तांत्रिक शिक्षण द्या. त्या काळचे नवे यंत्र छापखान्यात आणि रेल्वेत होते. आजचे नवे यंत्र कुठे आहे? ते तुमच्या-आमच्या खिशात आहे. सातबारा त्याच्यावर, रेल्वेचे तिकीट त्याच्यावर, शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच्यावर, भाजीवाल्या मावशीचे पैसे त्याच्यावर. हे सगळे चालवणारी आज्ञावली जिथे लिहितात ते आजचे साचाखाते आहे. आता तिथे विटाळाचे नाव कोणी तोंडाने घेत नाही. पण दरवाजा फीने बंद होतो, इंग्रजीने बंद होतो, रेंज नसल्याने बंद होतो. आणि पुष्कळदा, इथे दरवाजा आहे हेच आपल्या घरात माहीत नसल्याने तो बंद राहतो.

आता सॉफ्टवेअर म्हणजे काय ते साध्या शब्दांत. पोरं हसतील, पण आम्हाला ते साच्यावरूनच कळले.

कापडात नक्षी विणायची तर कोणते उभे धागे वर उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, हे दर आडव्या धाग्याला बदलत राहते. पूर्वी मागावर एक पोर बसवून दोऱ्या ओढायला लावत. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिआँ गावच्या जॅकार्ड नावाच्या माणसाने युक्ती पक्की केली. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडली आणि त्या पट्ट्या एकापुढे एक ओवून मागावर चढवल्या. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खाली राहतो. पट्ट्यांची माळ बदलली की त्याच मागावर दुसरी नक्षी. माग तोच, सूत तेच, फक्त हुकूम बदलला! संगणक म्हणजे माग, आणि सॉफ्टवेअर म्हणजे ती भोकांची माळ. भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. हीच कल्पना इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणिती यंत्रासाठी उचलली. त्या यंत्राला गणित कसे सांगायचे हे १८४३ साली लिहून ठेवणारी एक बाई होती, एडा लव्हलेस. जगातली पहिली प्रोग्रामर म्हणून तिचे नाव घेतात. इथे बसलेल्या पोरींनी हे नाव वहीत लिहून ठेवावे. पुढे १८९० ची अमेरिकेची जनगणना हॉलरिथने भोकांच्या कार्डांवरच मोजली. म्हणजे संगणकाच्या वंशावळीत आपला माग आहे. गिरणीवाल्याच्या पोराला हे काम परके नाही.

आणि ‘ॲप्लिकेशन’ म्हणजे एका विशिष्ट कामासाठी लिहिलेली माळ. आपल्या विहाराची पुस्तकपेटी घ्या. कोणी कोणते पुस्तक नेले, कधी आणले, वहीत गोंधळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. याचे ॲप करायचे म्हटले तर काय करावे लागेल? पहिले, विचारायचे. पेटी सांभळणाऱ्या ताईंना अडचण नेमकी काय येते? दुसरे, नोंदवह्या आखायच्या. एक पुस्तकांची, एक सभासदांची, एक देवाण-घेवाणीची. प्रत्येक पुस्तकाला आणि प्रत्येक माणसाला नंबर द्यायचा, कारण आपल्या वस्तीत एका नावाची तीन-तीन माणसे आहेत. तिसऱ्या वहीत फक्त नंबर आणि तारीख. याला ते डेटाबेस म्हणतात. तिसरे, हुकूम लिहायचे. ‘पंधरा दिवस झाले आणि पुस्तक आले नाही, तर निरोप पाठव.’ हे ‘जर-तर’ म्हणजेच प्रोग्रामिंगचा अर्धा जीव. दुसरा अर्धा जीव म्हणजे ‘सगळ्या सभासदांसाठी हेच पुन्हा कर’. चौथे, मुद्दाम चुकवून पाहायचे. परतीची तारीख नेण्याच्या आधीची टाकली तर यंत्र ती घेते का? याला टेस्टिंग म्हणतात. पाचवे, ताईंच्या हातात देऊन महिनाभर बघायचे आणि दुरुस्त करायचे. डिप्लोमात हेच शिकवतात. वेगवेगळ्या भाषा असतात, सी, जावा, पायथन. वेबपानांसाठी एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट, डेटाबेससाठी एसक्यूएल. नावांना घाबरायचे नाही. ताणा-वाणा कळला की कापडाची जात बदलली तरी हात बसतो.

आता कुठे आणि कसे शिकायचे? दारे तीन आहेत. मायबापांनी नीट ऐकावे, कारण फसवणूक याच ठिकाणी होते.

पहिले दार आयटीआयचे. दहावीनंतर ‘कोपा’ नावाचा एक वर्षाचा ट्रेड असतो, संगणक चालवणे आणि प्रोग्रामिंगची तोंडओळख. फी कमी. कोणत्या सरकारी आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे आणि जागा किती, हे प्रवेशाच्या महिन्यात जाऊन विचारायचे. दुसरे दार तंत्रनिकेतनाचे. दहावीनंतर तीन वर्षांची संगणक पदविका, परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. बारावी विज्ञान झालेल्याला थेट दुसऱ्या वर्षाची सोय असते. तिसरे दार व्यवसाय शिक्षणाचे, ज्याविषयी पोरं विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली बी.व्होक. नावाची योजना आणली. त्यात सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटसारखे विषय आले. मूळ आखणीत एक वर्ष केले तर डिप्लोमा, दोन केली तर ॲडव्हान्स डिप्लोमा, तीन केली तर पदवी. आणि अभ्यासाचा मोठा भाग, शंभरातला साठ, हाताच्या कामाचा. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर या टप्प्यांची नावे बदलत चालली आहेत. पूर्वी एका वर्षाला डिप्लोमा म्हणत, आता पुष्कळ ठिकाणी एका वर्षाला सर्टिफिकेट आणि दोन वर्षांना डिप्लोमा म्हणतात. म्हणून प्रवेश घेताना विचारायचे, आणि तोंडी नाही, लेखी विचारायचे. एका वर्षाने हातात कोणता कागद येणार? त्याच्यावर सही कोणाची? विद्यापीठाची, मंडळाची, का नुसत्या क्लासवाल्याची?

हे आम्ही का सांगतो? आमच्या ओळखीच्या एका घराने पोरासाठी कर्ज काढून एका खासगी क्लासची फी भरली. भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांची नावे रंगवलेली होती. शेवटी जो कागद मिळाला तो पुढच्या कॉलेजात कोणी धरीना. पोराने मेहनत केली होती, शिकलाही होता थोडेफार. पण तीच मेहनत मान्यतेच्या ठिकाणी केली असती तर पुढच्या वर्गाचे दार उघडले असते. एमएस-सीआयटी आपल्यापैकी पुष्कळांनी केली, चांगली गोष्ट आहे. पण ती संगणक वापरायला शिकवते. माग चालवणे वेगळे आणि नक्षीची पट्टी पाडणे वेगळे.

मागच्या पावसाळ्यात मुरबाडच्या टोकावडे भागातले एक बांधव भेटले. मुलगी बारावी पास. दुसऱ्याच्या शेतात राबणारे घर. मुलीला हा कोर्स करायचा होता आणि घरात स्थळे येत होती. ते आम्हाला म्हणाले, “भाऊ, अजून दोन-तीन वर्षं थांबलो तर पोरीच्या हातात काय पडंल, तेवढं खरं सांगा. गोड बोलू नका.” आम्ही त्यांना जे सांगितले तेच इथे सांगतो.

आम्ही म्हटले, दादा, डिप्लोमा झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी नोकरी, असे कोणी सांगत असेल तर तो खोटे बोलतो. २०२२ च्या अखेरीला चॅटजीपीटी आले. तेव्हापासून साधासुधा प्रोग्राम यंत्रच लिहून देते. सुरुवातीची कामे, जी नव्या पोरांना मिळायची, त्यांच्यावर याचा ताण आहे. आम्ही गिरणीवाले ही गोष्ट ओळखतो. आमचे वडील १९८२ च्या संपात होते. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि हजारो माणसे पुन्हा कधी आत गेलीच नाहीत. त्यांना कष्टाची भीती नव्हती. पण गिरणीने त्यांना एकच साचा शिकवला होता, आणि साचा गेला तेव्हा हात रिकामे झाले. म्हणून पोरीला सांगा, एकच भाषा, एकच ॲप घोकून बसू नकोस. हिशोब कसा मांडायचा, अडचण कशी फोडायची, चूक कशी शोधायची हे शिक. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे का हे तपासायलाही माणूस लागतो, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला तपासताही येत नाही.

आणि दुसरे म्हटले, तिचे लग्न तीन वर्षांनीही होईल. पण वर्ग एकदा सुटला की सासरी जाऊन पुन्हा धरणारी हजारात एखादी. ती ज्या टप्प्यावर थांबेल त्या टप्प्याचा कागद तिच्या हातात राहतो, हाच या कोर्सचा गुण आहे. ते काही बोलले नाहीत. पण पोरीचे कागद गोळा करायला लागले, एवढे आम्ही पाहिले.

कागदांचे निघालेच आहे तर पैशांचेही बोलू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब सरकारात होते तेव्हा. १९९० साली अनुसूचित जातींच्या यादीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांनाही केंद्राच्या सवलतींचा हक्क मिळाला. म्हणजे ही भीक नाही, लढून घेतलेली वस्तू आहे. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचा. उत्पन्न मर्यादेच्या वर असेल तर फ्रीशिप. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना, राहण्या-जेवण्याचे पैसे बँकेत जमा होतात. अटी आणि रकमा बदलत असतात, त्या दरसाल समाजकल्याण खात्यात विचाराव्या. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात पडताळणी आणि आधार जोडलेले बँक खाते ही पाच कामे दहावीच्या वर्षीच करून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरीत रांग लावून काही होत नाही. आणि तो कोर्स शिष्यवृत्तीच्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी पाहा.

अडचणी आम्हाला माहीत नाहीत असे नाही. शहापूरवाल्यांना आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशने तरी आहेत. मुरबाडला रेल्वे नाही. धसई-टोकावड्याच्या पोरीला आधी एसटी, मग कल्याण. पावसात वीज गेली की गेली. तानसा, मोडकसागर, भातसा आपल्या शहापूर तालुक्यात. आपले पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकर येतो. तशीच आपली पोरेही मुंबईला जातात, हमाली करायला, बिगारीला. ती कसब घेऊन गेली तर निदान दाम तरी मिळेल. आणि कसब असेल तर इथे राहूनही काम आहे. टँकर कोणत्या पाड्यावर कधी आला, किती आला, याची नोंद सगळ्यांना दिसेल असे ॲप आपल्याच पोरांनी का करू नये?

इंग्रजीचे म्हणाल तर सुरुवातीला दोनशे-अडीचशे शब्द पाठ झाले की गाडी हलते. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचे पाठ केले आहेत, फुकट आहेत आणि पुष्कळ मराठीतही आहेत. पाठ ऐकायचा, थांबवायचा, स्वतः करून पाहायचा. मात्र एक सांगतो, फक्त मोबाइलवर हे शिकता येत नाही. चाक नुसते पाहून सायकल येत नाही. संगणकासमोर बसावेच लागते.

आणि आपला भाग मागास म्हणून रडू नका. शहापूरच्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड गुरुजींनी लोकांचा हातभार घेऊन डिजिटल शाळा उभी केली, पाड्यावरच्या पोरांच्या हातात टॅबलेट दिले. ते बघायला बाहेरून लोक आले. मुरबाडच्या फांगणे गावात योगेंद्र बांगर गुरुजींनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या, सत्तरीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून पाटी घेऊन बसल्या. त्याच वर्षी डिसेंबरात धसई हे रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले, दुकानादुकानांत कार्डाची यंत्रे आली. मंत्री आले, वर्तमानपत्रात फोटो आले. पण ती यंत्रे बनवणारे बाहेरचे, दुरुस्त करणारे बाहेरचे. आपल्याकडे यंत्र येते, आपण बोट लावतो. ते बनवणारा हात आपल्यातून निघाला पाहिजे, एवढाच आमचा मुद्दा आहे.

आता शेवटचे. भाषणाने पोट भरत नाही, म्हणून समितीपुढे तीन कामे ठेवतो.

एक, विहाराच्या मागच्या खोलीत दोन संगणक आणि एक इंटरनेटची जोडणी. नवे नकोत, जुने चालतील. रोज संध्याकाळी सात ते दहा खोली उघडी, आणि त्यातले तीन दिवस पहिला हक्क मुलींचा. किल्ली सांभाळायचे काम आम्ही घेतो, आमच्या पाळ्या सांभाळून.

दोन, दहावी-बारावीच्या मुलांचे दाखले काढायला दर मार्चमध्ये एक रविवार. आपल्यातले जे कचेरीत नोकरीला आहेत त्यांनी त्या दिवशी इथे बसावे.

तीन, जी मुले हा डिप्लोमा करतील त्यांनी पहिले काम विहाराच्या पुस्तकपेटीचे करायचे. ताईंची वही सुटली पाहिजे. बाहेर नोकरी मागायला जाताना ‘आम्ही हे बनवले आहे आणि ते रोज चालते’ असे दाखवायला त्यांच्याकडे काहीतरी असेल. कागदाबरोबर काम दाखवता आले तर बोलण्याला वजन येते.

या संगणकांसाठी पहिली वर्गणी म्हणून आमचा एक दिवसाचा पगार आम्ही खजिनदारांकडे आताच देत आहोत. ज्यांना जमेल त्यांनी द्यावा. ज्यांना पैसे जमणार नाहीत त्यांनी आपली पोरगी संध्याकाळी इथे पाठवावी, ती वर्गणी आम्ही मोठी धरू.

नमो बुद्धाय. जयभीम. जय भारत.